व्यावसायिक कुस्तीची लोकप्रियता खरोखर ओसरते आहे का, हे कसे तपासावे

व्यावसायिक कुस्तीचे दिवस संपले, असे विधान गेली वीस-पंचवीस वर्षे सातत्याने केले जाते आणि त्याच काळात या व्यवसायाने उत्पन्नाचा नवा उच्चांक गाठल्याच्या बातम्याही दर एक-दोन वर्षांनी येत राहतात. दोन्ही बाजूंकडे आकडे आहेत आणि ते आकडे बहुधा खरेही असतात. त्यामुळे कोणाचे म्हणणे पटते यापेक्षा कोणता आकडा नेमके काय मोजतो, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरते. या विषयावर लेख लिहिणाऱ्याला, अभ्यास करणाऱ्याला किंवा केवळ आवडीने पाहणाऱ्याला स्वतः निष्कर्ष काढता यावा, यासाठी ही पद्धत मांडली आहे.

येथे व्यावसायिक कुस्ती म्हणजे निकाल आधी ठरवून, पात्रे आणि कथानक रचून सादर केला जाणारा अमेरिकी धाटणीचा खेळ, म्हणजे मुख्यतः डब्ल्यूडब्ल्यूई ही कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी कंपनी एईडब्ल्यू. तांबड्या मातीतल्या किंवा ऑलिंपिकच्या मॅटवरच्या कुस्तीचा प्रश्न स्वतंत्र आहे. त्या कुस्तीच्या चढउतारांची कारणे वेगळी आहेत, म्हणून दोहोंची सरमिसळ टाळावी.

आधी प्रश्न वेगळे करावेत

लोकप्रियता या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. किती माणसे हा खेळ नियमितपणे पाहतात, ही पहिली. जे पाहतात ते त्यासाठी किती पैसे मोजतात, ही दुसरी. आणि जे मुळीच पाहत नाहीत त्यांनाही त्यातली नावे किती ठाऊक आहेत, ही तिसरी. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने जातात असे आपण गृहीत धरतो, पण या खेळाच्या बाबतीत त्या गेल्या पंचवीस वर्षांत उलटसुलट दिशांना गेल्या आहेत. एखाद्या लेखात एक आकडा पहिल्या प्रश्नाचा आणि लगेच पुढचा दुसऱ्या प्रश्नाचा दिसला, तर तेथेच थांबून त्यांची फारकत करावी.

त्यानंतर तुलनेचे वर्ष निश्चित करावे. १९९९ हे वर्ष आधाराला घेतले तर आजची प्रत्येक गोष्ट उतरणीची वाटेल, कारण ते या खेळाच्या दूरचित्रवाणीवरील यशाचे शिखर होते. पण १९९५ हे वर्ष घेतले, तर चित्र तितके काळे राहत नाही. त्या वर्षी आजची डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ आर्थिक अडचणीत होती आणि सप्टेंबरात डब्ल्यूसीडब्ल्यू या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीने ‘नायट्रो’ हा कार्यक्रम थेट तिच्या ‘रॉ’ या साप्ताहिक कार्यक्रमाच्या वेळेवर आणून तिच्यासमोर मोठे आव्हान उभे केले. एखाद्या लेखकाने तुलनेसाठी कोणते वर्ष निवडले आहे, यावरून तो कोणत्या निष्कर्षाकडे जाणार आहे हे पुष्कळदा आधीच कळते. म्हणून शिखराचे एक, मंदीचे एक आणि मधले एखादे साधारण, अशी किमान तीन वर्षे समोर ठेवावीत.

दूरचित्रवाणीचे रेटिंग कसे वाचावे

‘रॉ’ हा कार्यक्रम ११ जानेवारी १९९३ रोजी यूएसए नेटवर्कवर सुरू झाला आणि १० मे १९९९ च्या भागाला ८.१ असे रेटिंग, म्हणजे कार्यक्रम पाहणाऱ्या घरांचे टक्केवारीतले प्रमाण, मिळाले, जे त्याचे सर्वोच्च मानले जाते. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो, परंतु त्या सोमवारी बास्केटबॉलच्या सामन्यांमुळे ‘नायट्रो’ दाखवले गेले नव्हते, ही बाब सहसा सांगितली जात नाही. प्रतिस्पर्धी मैदानात नसलेल्या एका रात्रीचा आकडा हा त्या वर्षाचा सर्वसाधारण आकडा नव्हे. तुलना नेहमी वर्षाच्या सरासरीशी करावी, आणि ती शक्य नसेल तर निदान त्याच महिन्याशी करावी. अमेरिकेत शरद ऋतूत सोमवारी रात्री व्यावसायिक फुटबॉलचे सामने असतात आणि तेव्हा ‘रॉ’ची प्रेक्षकसंख्या दरवर्षी घसरते. ऑक्टोबरचा आकडा एप्रिलच्या आकड्याशेजारी ठेवून ऱ्हास सिद्ध करणारे लेख थोडे नाहीत.

हे सर्व हिशेबात घेतले, तरी घसरण उरतेच आणि ती मोठी आहे. १९९९-२००० च्या सुमारास ‘रॉ’चे प्रेक्षक साठ लाखांच्या वर असत. २०२२-२३ पर्यंत ही संख्या सतरा-अठरा लाखांच्या आसपास आली. मात्र ही घसरण एकट्या कुस्तीची आहे की संपूर्ण केबल माध्यमाची, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. साधारण २०१० मध्ये अमेरिकेतल्या सुमारे दहा कोटी घरांत केबल किंवा तत्सम सशुल्क वाहिन्यांची जोडणी होती. त्यानंतरच्या दशकात ती कोट्यवधी घरांनी तोडली. ज्या घरात वाहिनीच पोहोचत नाही, त्या घराने कुस्तीकडे पाठ फिरवली असे म्हणता येत नाही. यासाठी एक सोपी कसोटी लावावी. त्या रात्री केबलवर दाखवल्या गेलेल्या सर्व कार्यक्रमांत कुस्तीचा क्रमांक कितवा होता, हे पाहावे. प्रेक्षक निम्म्याहून कमी होऊनही ‘रॉ’ आणि डब्ल्यूडब्ल्यूईचा दुसरा साप्ताहिक कार्यक्रम ‘स्मॅकडाउन’ हे आपापल्या रात्री पहिल्या काही क्रमांकांत राहिले, म्हणजे माध्यम आटले आणि त्याबरोबर कुस्तीही आटली, पण इतरांपेक्षा ती वेगाने आटली असे दिसत नाही.

त्याबरोबर कार्यक्रमाची लांबीही पाहावी लागते. जुलै २०१२ पासून ‘रॉ’ दोनऐवजी तीन तासांचा झाला, आणि तिसऱ्या तासाला प्रेक्षक उठून जात असल्याने सरासरी खाली आली. शिवाय मोजणारी संस्था आपली पद्धत बदलते तेव्हा बदलाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका ओळीत मांडता येत नाहीत. नील्सनने २०२५ मध्ये असा मोठा बदल केला.

६ जानेवारी २०२५ पासून ‘रॉ’ नेटफ्लिक्सवर गेल्यामुळे हे काम अधिक अवघड झाले आहे. नेटफ्लिक्सचे ‘व्ह्यूज’ म्हणजे एकूण पाहिलेल्या तासांना कार्यक्रमाच्या लांबीने भागून आलेली संख्या असते, आणि ती अनेक देशांची मिळून असते. पहिल्या भागाला सुमारे पन्नास लाख व्ह्यूज मिळाले, तर नंतरच्या महिन्यांत बहुतेक आठवड्यांचा आकडा पंचवीस ते तीस लाखांच्या आसपास राहिला. हा आकडा केबलच्या जुन्या सतरा लाखांहून मोठा आहे, म्हणून प्रेक्षक वाढले, असे लिहिणे चुकीचे आहे, कारण सतरा लाख ही केवळ अमेरिकेतली आणि दर मिनिटाची सरासरी होती. या दोन आकड्यांची थेट तुलना करूच नये. नेटफ्लिक्सचा आकडा नेटफ्लिक्सच्याच आधीच्या आकड्याशी ताडावा, इतकेच शक्य आहे.

पैशाचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

डब्ल्यूडब्ल्यूई ऑक्टोबर १९९९ मध्ये शेअर बाजारात आली आणि तेव्हापासून तिचे हिशेब सार्वजनिक आहेत. अभ्यासकासाठी ही मोठी सोय आहे. २०१० मध्ये कंपनीचे उत्पन्न सुमारे ४८ कोटी डॉलर होते आणि २०२२ मध्ये ते सुमारे १२९ कोटी डॉलर झाले. ज्या बारा वर्षांत दूरचित्रवाणीवरचे प्रेक्षक निम्म्याहूनही कमी झाले, त्याच बारा वर्षांत उत्पन्न अडीचपटीहून अधिक वाढले. या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, असे मला वाटते, आणि तिचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कारण प्रक्षेपणाच्या हक्कांत आहे. मालिका आणि चित्रपट प्रेक्षक आपल्या सवडीने पाहू लागले, तसे ठरलेल्या वेळी थेट पाहिले जाणारे कार्यक्रम दुर्मीळ झाले आणि त्यांची किंमत वाढली. वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकी एकही आठवडा न चुकवता नवा कार्यक्रम देणारी कुस्ती वाहिन्यांना त्यामुळे हवीशी झाली. फॉक्सने २०१९ पासूनच्या पाच वर्षांसाठी ‘स्मॅकडाउन’करिता सुमारे १०० कोटी डॉलर दिले. नेटफ्लिक्सने ‘रॉ’साठी दहा वर्षांचा ५०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केला. मोठ्या मासिक कार्यक्रमांचे अमेरिकेतील हक्क २०२५ मध्ये ईएसपीएनने पाच वर्षांसाठी सुमारे १६० कोटी डॉलरना घेतले. हक्काची रक्कम ही वाहिनीची गरज दाखवते. ती प्रेक्षकांच्या प्रेमाचे माप म्हणून वापरता येत नाही, कारण प्रेक्षक तेवढेच राहिले, किंबहुना थोडे घटले, तरी दोन वाहिन्यांत चुरस झाली की रक्कम वाढते.

सरकारांकडून येणारा पैसा तर हिशेबातून बाजूलाच काढावा. २०१८ मध्ये सौदी अरेबियाशी दहा वर्षांचा करार झाला आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जेद्दाहमध्ये पहिला मोठा कार्यक्रम झाला. अमेरिकेतली शहरे आणि राज्येही मोठे कार्यक्रम आपल्याकडे व्हावेत म्हणून आता पैसे मोजतात. हे उत्पन्न खरे आहे, पण ते तिकीट काढून आत येणाऱ्या माणसाने दिलेले नाही.

गर्दीचा आकडा तपासताना

गर्दीचा आकडा सर्वांना लगेच कळतो आणि म्हणूनच तो सर्वांत काळजीपूर्वक तपासावा लागतो. २९ मार्च १९८७ रोजी पॉन्टिॲक येथील सिल्व्हरडोममध्ये झालेल्या तिसऱ्या रेसलमेनियाला, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमाला, ९३,१७३ प्रेक्षक होते, असे कंपनी आजही सांगते. कुस्तीच्या इतिहासाचा अभ्यास करणारे मात्र प्रत्यक्ष संख्या ७८ हजारांच्या आसपास मानतात. ३ एप्रिल २०१६ रोजी टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे झालेल्या रेसलमेनियासाठी १,०१,७६३ हा आकडा जाहीर झाला आणि त्यात दारावर तिकिटे तपासणारे आणि आसने दाखवणारे कर्मचारीही धरलेले असतात, असे कंपनीचे तत्कालीन प्रमुख विन्स मॅकमहॉन यांनीच पुढे सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एईडब्ल्यूने ८१,०३५ तिकिटे खपल्याचे जाहीर केले, तर फाटकातून प्रत्यक्ष आत गेलेल्यांची स्थानिक प्रशासनाकडील नोंद ७२ हजारांच्या घरात होती. येथे दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण तिकीट घेऊन न येणारे लोक कोणत्याही मोठ्या कार्यक्रमाला असतातच. विकलेली तिकिटे, फुकट वाटलेली तिकिटे, फाटकातून आत आलेली माणसे आणि जाहीर केलेला आकडा या चार निरनिराळ्या संख्या आहेत. समोर आलेली संख्या यांपैकी कोणती, हे ठरवता येत नसेल, तर ती तुलनेत घेऊ नये.

२०२० पासून रेसलमेनिया दोन रात्री होतो, हेही लक्षात ठेवावे. एप्रिल २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या रेसलमेनियाचा १,४५,२९८ हा आकडा दोन रात्रींची बेरीज आहे आणि त्यातले पुष्कळ प्रेक्षक दोन्ही रात्री तेच होते. तो १९८७ च्या एका रात्रीसमोर ठेवण्याआधी निम्मा करावा लागतो.

मोठ्या कार्यक्रमांपेक्षा साध्या साप्ताहिक कार्यक्रमाचे चित्रण पाहून अधिक कळते, आणि ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. मुख्य कॅमेरा सभागृहाच्या एका बाजूला स्थिर बसवलेला असतो आणि तो समोरच्या बाजूची आसने दाखवत राहतो. म्हणून तिकिटे कमी गेली की प्रेक्षकांना त्या समोरच्या बाजूला आणून बसवले जाते, कॅमेऱ्याच्या मागची बाजू काळ्या पडद्याने झाकली जाते आणि वरच्या मजल्यावरचे दिवे मालवले जातात. रेसलर प्रवेश करताना फिरता कॅमेरा उलट बाजूला वळतो, त्या काही सेकंदांत तो पडदा दिसतो. कोपऱ्यातल्या खांबाशी दुसऱ्या दोरावर चढून कोणी हात उंचावतो, तेव्हा खालून घेतलेल्या चौकटीत त्याच्या मागे वरचा मजला येतो, तेथे माणसे आहेत की अंधार, हे पाहावे. पहिल्या तीन-चार रांगांकडेही नीट लक्ष द्यावे. पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरांत काही लिहून आणलेली मुले तेथे आहेत, की चाळिशीतले, महागडे टी-शर्ट आणि खांद्यावर विजेतेपदाच्या पट्ट्याची प्रतिकृती मिरवणारे पुरुष आहेत, यावरून तिकिटाचा दर कोणाला परवडतो आहे हे स्पष्ट होते.

तिकिटांच्या दराचा मुद्दा येथे ओघानेच येतो. महामारीनंतर डब्ल्यूडब्ल्यूईने चित्रण न होणारे छोट्या गावांतले कार्यक्रम बरेच कमी केले आणि उरलेल्या कार्यक्रमांचे दर पुष्कळ वाढवले. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाची सरासरी गर्दी आणि तिकिटांचे एकूण उत्पन्न दोन्ही वाढलेले दिसते, पण वर्षभरात प्रत्यक्ष सभागृहात येऊन कुस्ती पाहणाऱ्यांची संख्या त्या प्रमाणात वाढलेली नसते. सरासरीऐवजी वर्षाची बेरीज मागावी.

वयाचा प्रश्न

माझ्या मते लोकप्रियतेच्या भवितव्याबद्दल सर्वांत अधिक सांगणारा आकडा प्रेक्षकांच्या वयाचा आहे. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर कुस्ती पाहणाऱ्यांचे मध्यक वय (ज्याहून निम्मे प्रेक्षक लहान आणि निम्मे मोठे असतात ते वय) २००० मध्ये २८ वर्षे होते आणि २०१६ मध्ये ते ५४ झाले, असे मॅग्ना ग्लोबल या जाहिरात-माध्यम कंपनीने स्पोर्ट्स बिझनेस जर्नलसाठी केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. सोळा वर्षांत मध्यक वय सव्वीस वर्षांनी वाढले. याचा अर्थ तेच प्रेक्षक म्हातारे होत गेले, इतकाच नाही. तसे असते तर वय सोळांनीच वाढले असते. तरुण प्रेक्षक पडद्यासमोरून उठून गेले आणि नवे आले नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. मात्र ही पाहणी केवळ दूरचित्रवाणीची आहे. यूट्यूबवर तुकडे पाहणारी मुले तिच्यात मोजली गेलेली नाहीत आणि डब्ल्यूडब्ल्यूईच्या यूट्यूब वाहिनीचे सदस्य दहा कोटींच्या पुढे गेले आहेत. सदस्यसंख्येला मात्र फार महत्त्व देऊ नये, कारण एकदा सदस्य झालेला माणूस पाहणे सोडले तरी सदस्य म्हणून मोजला जातच राहतो. त्याऐवजी अलीकडच्या महिन्यातले नेहमीचे दहा-पंधरा व्हिडिओ घ्यावेत आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्याच महिन्यातल्या व्हिडिओंना आजवर नव्हे, तर त्या काळी पहिल्या आठवड्यात किती प्रेक्षक मिळाले होते, याची नोंद मिळाल्यास तिच्याशी ताडावेत.

तिसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे न पाहणाऱ्यांच्या ओळखीसाठी, साधी चौकशी पुरते. कुस्ती न पाहणाऱ्या माणसाला रेसलरची नावे विचारली, तर हल्क होगन, द रॉक, अंडरटेकर आणि जॉन सीना हीच नावे येतात. सीनाने १३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये अखेरची लढत दिली आणि बाकीच्यांचा काळ त्याही आधीचा. गेल्या दहा वर्षांत पुढे आलेले एखादे नाव अशा यादीत आपण होऊन आले, तर ते ठळकपणे नोंदवून ठेवावे.

एक चुकीचे कारण आणि एक खरा ऱ्हास

ही कुस्ती खोटी असल्याचे उघड झाले म्हणून लोकांचे मन उडाले, हे स्पष्टीकरण आपल्याकडे फार प्रचलित आहे. तारखा तपासल्या तर ते टिकत नाही. निकाल ठरलेले असतात हे डब्ल्यूडब्ल्यूएफने फेब्रुवारी १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या कायदेमंडळापुढे मान्य केले होते आणि या खेळाचा सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग त्यानंतर दहा वर्षांनी जमला. प्रेक्षकांना ते ठाऊक होते आणि तरीही ते पाहत होते.

खरा ऱ्हास कसा असतो, हे पाहायचे असल्यास ब्रिटनकडे पाहावे. तेथे शनिवारी दुपारी आयटीव्हीवर कुस्ती दाखवली जाई, आणि बिग डॅडी व जायंट हेस्टॅक्स या मल्लांची नावे घराघरांत ठाऊक होती. १९८८ मध्ये प्रक्षेपण बंद झाले आणि तिथला देशी कुस्तीचा व्यवसाय पुढे अनेक वर्षे छोट्या सभागृहांपुरता उरला. उत्पन्न, गर्दी आणि ओळख या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र खाली आल्या. अमेरिकेत आज तसे झालेले नाही. जपानचे उदाहरण मधले आहे. मे १९६३ मध्ये जपानी रेसलर रिकिदोझान आणि अमेरिकी रेसलर डिस्ट्रॉयर यांच्या लढतीला तेथे ६४ टक्के रेटिंग मिळाले होते, जे आता कोणत्याही खेळाला क्वचितच मिळेल, तरीही दर ४ जानेवारीचा टोकियो डोमचा कार्यक्रम चालूच आहे. राष्ट्रीय वेड संपले आणि निष्ठावंतांचा खेळ उरला.

भारतातील आकडे वाचताना

भारतात चाहते कोट्यवधी आहेत, असे कंपन्या सांगतात, आणि नव्वदच्या दशकात रेसलरांची चित्रे असलेली ट्रम्प कार्ड खेळलेल्या आपल्याकडच्या पिढीला त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही. परंतु येथे पाहणे आणि पैसे मोजणे यांतले अंतर फार मोठे आहे. ‘रिंग का किंग’ हा भारतीय कार्यक्रम पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात चित्रित होऊन २०१२ मध्ये कलर्सवर दाखवला गेला आणि एका हंगामानंतर पुन्हा आला नाही. मे २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने भारतीय वंशाच्या जिंदर महलला विजेता केल्यानंतर डिसेंबरात दिल्लीत दोन कार्यक्रम ठरले होते, त्यांतला एक रद्द होऊन एकच झाला. पुढचा मोठा कार्यक्रम सप्टेंबर २०२३ मध्ये हैदराबादला झाला. एप्रिल २०२५ पासून येथील प्रक्षेपण सोनीच्या वाहिन्यांवरून नेटफ्लिक्सवर गेले आहे. केबलच्या पॅकेजात इतर वाहिन्यांबरोबर कुस्ती आपोआप घरात येत होती, ती आता स्वतंत्र वर्गणीखाली गेली आहे. त्यामुळे यापुढे भारतीय प्रेक्षक घटल्याचा आकडा आला, तर तो आवड घटल्याचा आहे की वाट बंद झाल्याचा, हे आधी विचारावे. माझ्या अंदाजाप्रमाणे तो बहुतांशी दुसऱ्या प्रकारचा असेल आणि खेड्यापाड्यांतली मुले यूट्यूबवरच्या तुकड्यांवर भागवतील.

अमेरिकेपुरते माझे मत असे आहे की पाहणारे घटले, उरलेल्यांकडून अधिक पैसा घेतला जात आहे आणि नवी मुले आणण्याचे काम मागे पडले आहे. या मताची परीक्षा कधी होईल, हेही सांगता येते. नेटफ्लिक्सच्या दहा वर्षांच्या करारात पहिल्या पाच वर्षांनंतर बाहेर पडण्याची मुभा आहे, म्हणजे २०२९ च्या अखेरीस नेटफ्लिक्सला स्वतःजवळचे खरे आकडे पाहून निर्णय घ्यावा लागेल. तोपर्यंत नेटफ्लिक्सचा साप्ताहिक आकडा, साध्या कार्यक्रमांतली वर्षभराची एकूण गर्दी आणि तिकिटाचा सरासरी दर या तीन नोंदी दर तिमाहीला एकाच वहीत ठेवाव्यात. २०२७ चा रेसलमेनिया रियाधमध्ये होणार आहे, त्याचे तिकीट-उत्पन्न मात्र या नोंदींत मिसळू नये.